‘मी हे वाचू का?’: ऑनलाइन वाचन, परीक्षण आणि शिफारस नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी मी इंटरनेटवर पहिलं पुस्तक परीक्षण लिहिलं. चांगलं आठशे शब्दांचं होतं. कथानक सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट सांगितलं, ‘अप्रतिम, प्रत्येकाने वाचायलाच हवं’ असा शेवट केला आणि पाच तारे दिले. खाली एका अनोळखी वाचकाने एकच ओळ लिहिली: ‘मला संथ पुस्तकं झेपत नाहीत. मी हे वाचू का?’ माझ्या आठशे शब्दांत या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं.

तेव्हापासून परीक्षण लिहून झालं की मी त्या वाचकाला डोळ्यांसमोर आणते आणि त्याला उत्तर मिळालं का, एवढंच तपासते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा म्हणतो, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. तिसरा म्हणतो, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवण्याचा. हे नियम ग्रंथपालांसाठी होते, पण आज परीक्षण लिहिणारा किंवा शिफारस करणारा प्रत्येक जण थोडंफार ग्रंथपालाचंच काम करत असतो. या लेखात ते काम पायरी पायरीने कसं करायचं ते सांगते.

पायरी पहिली: वाचायचं कुठे आणि कशावर

विकत घेतलेलं ई-बुक किंवा ग्रंथालयाच्या ॲपवरून घेतलेलं पुस्तक हे सरळ मार्ग आहेतच. त्याशिवाय कायदेशीर आणि मोफत साठेही मोठे आहेत. प्रोजेक्ट गुटेनबर्ग मायकल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलं. तिथे आज सत्तर हजारांहून जास्त पुस्तकं आहेत, बहुतेक इंग्रजी. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून चालू आहे. तिथे स्कॅन केलेली जुनी पुस्तकं वाचता येतात आणि काही पुस्तकं ठरावीक काळापुरती उसनी मिळतात. ऐकायची आवड असेल तर लिब्रिवॉक्स पाहा. २००५ पासून तिथे स्वयंसेवक प्रताधिकार (कॉपीराइट) संपलेली पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. मराठी विकिस्रोतावरही जुनी मराठी पुस्तकं आहेत.

प्रताधिकाराची मुदत देशागणिक बदलते: कुठे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, कुठे ७०. त्यामुळे एका देशात मोफत असलेलं पुस्तक दुसऱ्या देशात मोफत असेलच असं नाही. फोनवर फिरणाऱ्या पीडीएफ मात्र वाचू नका. लेखकाचं नुकसान हे पहिलं कारण, आणि ते पुरेसं आहे. दुसरं कारण परीक्षणाशी जोडलेलं आहे. अशा फायलींत पानं गळालेली असतात, आवृत्ती कोणती ते कळत नाही, कधी कधी तर शेवटचं प्रकरणच नसतं. अपुरं पुस्तक वाचून लिहिलेलं मत पुस्तकावर अन्याय करतं.

फाइलच्या प्रकाराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. पीडीएफमध्ये पान छापलं तसंच गोठलेलं असतं, तर ईपबमध्ये मजकूर पडद्याच्या आकाराप्रमाणे वाहतो. फोनवर वाचणार असाल तर ईपब सोयीचं. पण ईपबमधला ‘पान ११२’ दुसऱ्याच्या फोनवर भलतीकडेच असतो, म्हणून परीक्षणात पानाऐवजी प्रकरणाचा क्रमांक द्या.

पायरी दुसरी: पुस्तकाची नोंद नीट करा

वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायला आणि त्यांवर परीक्षणं लिहायला काही संकेतस्थळं आहेत. त्यातलं गुडरीड्स २००७ मध्ये वाचकांसाठी खुलं झालं आणि २०१३ मध्ये ॲमेझॉनने ते विकत घेतलं. लायब्ररीथिंग त्याहून जुनं, २००५ चं. पुस्तकांची यादी काटेकोर ठेवायला आवडणाऱ्यांचा तिथे राबता असतो. स्टोरीग्राफ अलीकडचं आहे आणि ते पुस्तकाचा वेग आणि मूड यांच्या नोंदी ठेवतं. सुरुवातीला यातलं एकच निवडा. तीन ठिकाणी खाती उघडणारे बहुतेक जण महिनाभरात तिन्ही सोडून देतात.

खातं उघडल्यावर वाचलेली, वाचत असलेली आणि वाचायची आहेत अशी पुस्तकं तीन कप्प्यांत ठेवता येतात. ‘वाचायची आहेत’ हा कप्पा भराभर फुगतो. त्यात पुस्तक टाकताना ते कुणी सुचवलं आणि का, हे एका ओळीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ती यादी उघडाल तेव्हा त्या ओळीचं मोल कळेल.

पुस्तक शोधताना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख-क्रमांक, वापरा. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकी झाला. त्याआधीच्या पुस्तकांवर दहा अंकी आढळतो आणि खूप जुन्या पुस्तकांवर तो नसतोच. पुठ्ठा बांधणीची प्रत, साधी प्रत आणि ई-बुक यांचे क्रमांक वेगवेगळे असतात. मराठी पुस्तकांत आणखी एक अडचण येते: एकाच पुस्तकाची एक नोंद देवनागरीत आणि दुसरी रोमन लिपीत, तीही दोन-तीन वर्णलेखनांत सापडते. शोधताना दोन्ही लिपींत शोधा. आधीची नोंद असेल तर नवी तयार करू नका, नाहीतर पुस्तकावरची मतं विखुरतात आणि एकेका नोंदीखाली दोन-दोनच परीक्षणं उरतात.

अनुवाद वाचला असेल तर परीक्षणात तसं स्पष्ट लिहा आणि अनुवादकाचं नाव द्या. या संकेतस्थळांवर मूळ पुस्तक आणि त्याचे अनुवाद एकाच नोंदीखाली बांधलेले असतात, ताऱ्यांची सरासरीही एकत्रच निघते. तुम्ही ‘भाषा रुक्ष आहे’ म्हणालात, तर ती कुणाची भाषा हे वाचणाऱ्याला कळायला हवं. ऑडिओबुक ऐकलं असेल तर निवेदकाचं नावही असंच द्या. निवेदकाचा सूर आवडला नाही म्हणून कादंबरीचे तारे कापलेले मी अनेकदा पाहिले आहेत.

आणि आपलं लेखन आपल्याकडे ठेवा. शेल्फारी नावाचं असंच एक लोकप्रिय ठिकाण २०१६ मध्ये बंद झालं. गुडरीड्सवरून तुमची सगळी यादी परीक्षणांसह एका फाइलमध्ये उतरवून घेता येते. वर्षातून दोनदा ती उतरवा.

पायरी तिसरी: वाचताना टिपणं

परीक्षण पुस्तक संपल्यावर सुरू होत नाही. पहिलं पान उघडण्याआधी एका ओळीत लिहा की या पुस्तकाकडून तुमची काय अपेक्षा आहे. मुखपृष्ठ, मलपृष्ठावरचा मजकूर, कुणीतरी केलेलं कौतुक, यातून ती तयार झालेली असते. संपल्यावर ती ओळ पुन्हा वाचली की कळतं, आपण पुस्तकावर नाराज आहोत की जाहिरातीवर. माझ्या निम्म्या तक्रारी जाहिरातीविषयीच्या निघतात.

वाचताना तीन प्रकारच्या जागांवर खूण करा. जिथे वाचन थांबवावंसं वाटलं, जिथे कुणाला तरी लगेच फोन करून सांगावंसं वाटलं, आणि जिथे लेखकाशी भांडावंसं वाटलं. सुंदर वाक्यांखाली रेघा ओढत बसलात तर हातात सुभाषितांचा संग्रह येतो, मत येत नाही. थांबलेल्या जागा सगळ्यात उपयोगी, कारण तुमचा वेग का मंदावला याचं कारण तिथे सापडतं. शब्द जड होते? पात्रांची नावं सारखी होती? की प्रसंगच इतका जड होता की श्वास घ्यायला थांबलात? यातलं शेवटचं कारण पुस्तकाच्या बाजूने जातं, आधीची दोन विरुद्ध.

कंटाळलेलं पुस्तक सोडून द्यायला लाजू नका. अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक साधा नियम आहे: पन्नास पानं वाचा, मग ठरवा. वय पन्नासच्या पुढे गेलं असेल तर शंभरातून वय वजा करा आणि तेवढीच पानं वाचा. अर्धवट सोडलेल्या पुस्तकावर लिहिता येतं, फक्त कुठे सोडलं आणि का, ते पहिल्या वाक्यात सांगा. तारे मात्र देऊ नका.

तुमचं लिहून होईपर्यंत दुसऱ्यांची परीक्षणं उघडू नका. २०१३ मध्ये मुचनिक, आरल आणि टेलर या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग मांडला. बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळावर त्यांनी काही प्रतिक्रियांना सुरुवातीलाच एक कृत्रिम पसंती देऊन ठेवली. केवळ तेवढ्याने त्या प्रतिक्रियांचं अखेरचं गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वाढलं. एका अनोळखी पसंतीचा एवढा परिणाम होत असेल, तर दोनशे कौतुकं वाचून लिहायला बसलेल्या माणसाचं मत स्वतःचं किती उरेल?

पायरी चौथी: तारे

यावर फार वेळ घालवू नका, पण एकदा नीट ठरवा. गुडरीड्सवर दोन तारे म्हणजे ‘ठीक’ आणि तीन म्हणजे ‘आवडलं’. बहुतेकांना हे माहीत नसतं. ते तीन ताऱ्यांना नापसंती समजतात. तिथे अर्धा तारा देता येत नाही. लायब्ररीथिंगवर अर्धा चालतो, स्टोरीग्राफवर पाव सुद्धा. तुमची मोजपट्टी काय आहे ते स्वतःच्या ओळखपानावर दोन ओळींत लिहून टाका आणि तिला चिकटून राहा. सगळ्याच पुस्तकांना पाच तारे देणाऱ्याच्या पाच ताऱ्यांवर कुणी विसंबत नाही.

दुसऱ्यांचे तारे वाचताना सरासरीच्या पलीकडे बघा. चार पूर्णांक एक आणि तीन पूर्णांक सात यातला फरक तुमच्यासाठी जवळपास निरर्थक असतो. तीन तारे देणाऱ्यांची परीक्षणं आधी वाचा. काय आवडलं आणि काय नाही, हे दोन्ही सांगावं लागतं ते त्यांनाच.

बालाझ कोव्हाक्स आणि अमांडा शार्की यांनी २०१४ मध्ये गुडरीड्सवरची परीक्षणं तपासली. पुरस्कार मिळालेली पुस्तकं आणि त्याच पुरस्काराच्या अंतिम यादीत येऊन हुकलेली पुस्तकं त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. पुरस्कारानंतर विजेत्या पुस्तकांचं सरासरी गुणांकन घसरलेलं दिसलं. पुस्तक तर तेच होतं. पुरस्काराच्या बातमीमुळे, एरवी त्या वाटेला गेले नसते असे वाचक तिथे पोचले, आणि ते पुस्तक त्यांच्यासाठी नव्हतं. हा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. कमी तारे पाहिले की पुस्तक वाईट असेल, ही पहिली शंका मनात येते. पुस्तक चुकीच्या हातात पडलं असेल, ही दुसरी शंकाही यायला हवी.

पायरी पाचवी: लिहायला बसा

आधी ठरवा, काय लिहिताय. मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांचे अर्थही वेगळे आहेत. परिचय म्हणजे पुस्तकात काय आहे ते सांगणं. परीक्षणात त्यावर आपलं मत येतं, पुराव्यानिशी. रसग्रहणात आवडलेल्या कलाकृतीत आपल्याला काय गवसलं ते उलगडायचं असतं. समीक्षेला त्या साहित्यप्रकाराची, परंपरेची, त्याच लेखकाच्या इतर लेखनाची ओळख लागते. नवख्याने परीक्षणापासून सुरुवात करावी. परिचय लिहून त्याला परीक्षण म्हणणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि माझी पहिली चूकही तीच होती.

पुस्तक संपल्यावर एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी टिपणं न बघता जे आठवतं ते लिहा, मग टिपणं उघडा. आठवलेलं आणि टिपलेलं यात फरक पडला तर तो फरकच बहुधा परीक्षणाचा गाभा असतो.

कथानक एकूण लेखनाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. किती सांगायचं याची माझी मर्यादा ठरलेली आहे: पुस्तकाच्या पहिल्या पाव भागात जे घडतं तेवढंच. त्यापुढचं काही सांगणं अगदीच गरजेचं असेल तर आधी ठळक सूचना द्या आणि संकेतस्थळावर स्पॉयलर (वाचण्याची उत्सुकता संपवणारा मजकूर) झाकायची सोय असेल तर ती वापरा. ‘शेवटी मोठा धक्का आहे’ हे वाक्य सुद्धा स्पॉयलरच आहे. ते वाचलेला माणूस पहिल्या पानापासून धक्क्याची वाट बघत बसतो.

आता भाषेकडे. ओघवती शैली, मनाचा ठाव घेणारी, अंतर्मुख करणारी, वाचकाला खिळवून ठेवणारी, प्रभावी व्यक्तिचित्रण. हे शब्द मराठीतल्या हजारो पुस्तकांना लावून झाले आहेत आणि कुठल्याही एका पुस्तकाविषयी त्यातून काही कळत नाही. ते लिहून झाले असतील तर एकेक खोडा आणि स्वतःला विचारा, ‘कुठल्या पानावर?’ उत्तर मिळालं तर त्या विशेषणाच्या जागी त्या पानावर काय आहे ते लिहा.

समजा, कादंबरी दोन बहिणींची आहे. आई गेल्यावर घर रिकामं करायला त्या आठ दिवस एकत्र राहतात, एवढंच घडतं. नेहमीचं परीक्षण म्हणेल: ‘नात्यांची गुंतागुंत लेखिकेने समर्थपणे रेखाटली आहे. शैली ओघवती असून कादंबरी अंतर्मुख करते.’ आता हे वाचा:

‘पहिली शंभर पानं दोघी फक्त वस्तूंविषयी बोलतात. हे कपाट कुणी न्यायचं, ती शिलाईची पेटी कुणाची. आईचं नाव कुणी काढत नाही. मी कंटाळले होते. सहाव्या प्रकरणात धाकटी ती पेटी उघडते, आणि माझ्या लक्षात आलं की इतका वेळ त्या आईविषयीच भांडत होत्या. मागे जाऊन ती शंभर पानं पुन्हा वाचली तेव्हा ती वेगळी वाटली. पात्रांनी मनातलं उघड बोलावं असं ज्यांना वाटतं, त्यांना हे पुस्तक जड जाईल.’

दुसऱ्या उताऱ्यात कौतुकाचा एकही शब्द नाही. तरी तो वाचून एक वाचक पुस्तक उचलेल आणि दुसरा शांतपणे पुढे जाईल. दोघांचाही फायदा झाला. ‘मी हे वाचू का’ या प्रश्नाचं उत्तर असंच द्यायचं असतं.

पुस्तकाने जे करायचं ठरवलंय त्यावर त्याला तोला. रहस्यकथेत सामाजिक भाष्य नाही, किंवा प्रवासवर्णनात हॉटेलांची माहिती नाही, ही तक्रार चुकीच्या खिडकीत केलेली आहे. लेखकाने जे आपणहून हाती घेतलं ते पेललं का, हे आधी बघा. मग हवं तर म्हणा की जे हाती घेतलं तेच तुम्हाला फार छोटं वाटलं.

साहित्यप्रकार बदलला की प्रश्नही बदलतात. कथासंग्रह असेल तर सगळ्या कथांचे सारांश देऊ नका. आधी कोणत्या दोन वाचाव्यात ते सांगा. कवितासंग्रहात दोन-चार ओळी उद्धृत केल्याशिवाय बोलणंच व्यर्थ आहे, पण अख्खी कविता उतरवू नका, तो कवीचा हक्क आहे. वैचारिक किंवा माहितीपर पुस्तक असेल तर माझी एक पद्धत आहे: ज्या विषयाची मला स्वतःला चांगली माहिती आहे असं एखादं प्रकरण किंवा पान शोधते आणि ते बारकाईने तपासते. तिथे लेखक चुकत असेल, तर ज्या विषयातलं मला कळत नाही तिथे त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवता येतं. संदर्भसूची आणि विषयसूची आहे का, दावे कुठून घेतले आहेत ते दिलंय का, हेही नोंदवा.

किती लांब लिहायचं? सुरुवातीला दोनशे ते चारशे शब्द. पुस्तक कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही, ही दोन वाक्यं पहिल्या परिच्छेदात आणा. फोनवर वाचणाऱ्याला पुढचं उघडायला आणखी एकदा बोट लावावं लागतं, आणि बरेच जण तिथूनच परत जातात.

न आवडलेलं पुस्तक

हे सगळ्यात कठीण. वाईट परीक्षणाचं वजन जास्त असतं. ज्युडिथ शेव्हेलिए आणि दीना मेझलिन यांनी २००६ मध्ये दोन मोठ्या ऑनलाइन पुस्तक विक्रेत्यांकडची आकडेवारी ताडून पाहिली, तेव्हा पाच ताऱ्यांच्या परीक्षणापेक्षा एका ताऱ्याच्या परीक्षणाचा विक्रीवर जास्त परिणाम होतो असं दिसलं. म्हणून कडक लिहायला घाबरू नका, पण कडक वाक्यामागे पुरावाही तितकाच भक्कम ठेवा. रागात लिहिलं असेल तर दोन दिवस थांबा. लेखकाच्या स्वभावावर, दिसण्यावर, घरादारावर एकही शब्द नको. ‘लेखकाला काही येत नाही’ हे मत झालं. ‘तिसऱ्या प्रकरणात मेलेलं पात्र नवव्या प्रकरणात काही खुलासा न करता बोलतं’ ही माहिती झाली. दुसरं वाक्य लेखकालाही उपयोगी पडतं.

न वाचता लिहू नका, हे सांगावं लागू नये, पण लागतं. जून २०२३ मध्ये एका प्रसिद्ध अमेरिकी लेखिकेने आपली नवी कादंबरी प्रकाशनाआधीच मागे घेतली. कादंबरीची पार्श्वभूमी रशियाची होती, एवढ्यावरून गुडरीड्सवर शेकडो एकतारी नोंदी पडल्या होत्या. पुस्तक बाजारात आलेलंही नव्हतं. लेखिकेच्या निर्णयाविषयी कुणाचं काहीही मत असो, त्या नोंदींना परीक्षण म्हणता येणार नाही. एखाद्या पुस्तकाच्या विषयावर आक्षेप असेल तर तो लेख लिहून मांडा. तारे वाचलेल्या पुस्तकासाठी राखून ठेवा.

याची उलटी बाजूही आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये ॲमेझॉनच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर तांत्रिक चूक झाली आणि निनावी परीक्षणं लिहिणाऱ्यांची खरी नावं काही काळ सगळ्यांना दिसली. त्यात काही लेखक स्वतःच्याच पुस्तकांची स्तुती करताना सापडले. तुमचा लेखकाशी, प्रकाशकाशी, अनुवादकाशी स्नेह असेल तर ते पहिल्याच ओळीत सांगा. प्रत भेट मिळाली असेल तर तेही सांगा. अमेरिकेत तर भेटवस्तू घेऊन केलेल्या शिफारशीत तसं जाहीर करावं, असे नियम २००९ पासून आहेत. नियम नसला तरी सांगावं, कारण हे लपवलेलं एकदा उघड झालं की तुमची आधीची शंभर प्रामाणिक परीक्षणंही संशयात सापडतात. मित्राचं पुस्तक आवडलं नसेल तर त्यावर जाहीर लिहायलाच हवं असं नाही. खोटं कौतुक मात्र करू नका.

आणि एक कळकळीचं सांगणं: परीक्षण यंत्राकडून लिहून घेऊ नका. शुद्धलेखन तपासायला मदत घेतली तर हरकत नाही. पण तुम्ही कुठे थांबलात, कुठे भांडलात, हे यंत्राला ठाऊक नाही, आणि वाचणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

पायरी सहावी: शिफारस

परीक्षण सगळ्यांसाठी लिहिलेलं असतं, शिफारस एका माणसाला केलेली असते. ‘काहीतरी छान सुचवा’ असं कुणी विचारलं की आपलं सगळ्यात लाडकं पुस्तक पुढे करायचा मोह होतो. मीही तेच करायचे. एकदा एका मैत्रिणीला, ती घरातल्या आजारपणातून नुकतीच बाहेर आलेली असताना, मी अशीच एक मोठी, अतिशय सुंदर कादंबरी दिली. त्यात अर्ध्या भागात एक दीर्घ आजारपण होतं. मला ते आठवलंही नाही, कारण मी तिच्याविषयी विचार करत नव्हते, पुस्तकाविषयी करत होते. तिने ते चाळीस पानांवर ठेवून दिलं आणि बराच काळ काहीच वाचलं नाही. ती गोष्ट मला अजून लागते.

तेव्हापासून काही सुचवण्याआधी मी तीन गोष्टी विचारते. अलीकडे शेवटचं आवडलेलं पुस्तक कोणतं, आणि त्यातलं काय आवडलं? सध्या वाचायला निवांत वेळ आहे की मधल्या मधल्या पंधरा मिनिटांत वाचणार? आणि कोणता विषय आत्ता नको आहे? तिसरा प्रश्न हळुवारपणे विचारावा लागतो. उत्तराचं कारण विचारायचं नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर समजून घ्यायला नॅन्सी पर्ल यांची आणखी एक कल्पना मला फार उपयोगी पडली. त्या म्हणतात, पुस्तकात शिरायला चार दारं असतात: कथा, पात्रं, स्थळ आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात चारही असतात, पण एखादं दार बाकीच्यांपेक्षा मोठं असतं, आणि वाचकही सहसा एकाच दाराने शिरतो. ‘मग काय झालं ते कळेपर्यंत झोपलोच नाही’ म्हणणारा कथेच्या दारातून आलेला असतो. ‘ती आजी अगदी माझ्या ओळखीची वाटली’ म्हणणारा पात्रांच्या. ‘त्या बर्फाळ गावात राहून आल्यासारखं वाटलं’ हे स्थळाचं दार, आणि ‘काही वाक्यं मोठ्याने वाचली’ हे भाषेचं. दोन पुस्तकांचा विषय एक असला आणि दारं वेगळी असली तर शिफारस फसते. युद्धावरची कादंबरी आवडली म्हणून युद्धावरची दुसरी कादंबरी द्यायची, ही चूक त्यातूनच होते. त्याला कदाचित युद्ध आवडलंच नसेल, दोन सैनिकांची मैत्री आवडली असेल.

संकेतस्थळांच्या आपोआप येणाऱ्या शिफारशी नेमक्या इथेच कमी पडतात. त्यांची मूळ पद्धत साधी आहे: ज्यांनी हे घेतलं किंवा वाचलं त्यांनी आणखी काय घेतलं, याची जुळणी. काय वाचलं ते तिला दिसतं, का आवडलं ते दिसत नाही. नवी नावं शोधायला ती चांगली आहे, पण अडगळीतलं पुस्तक ती सहसा वर आणत नाही, कारण त्याच्या खरेदीच्या किंवा वाचनाच्या नोंदीच थोड्या असतात. तिथे माणूसच लागतो.

सुचवताना दोन किंवा तीनच पुस्तकं सांगा. दहांची यादी मिळालेला माणूस बहुधा एकही वाचत नाही. प्रत्येकापुढे एक कारण आणि एक इशारा द्या: ‘पात्रं तुला आवडतील, सुरुवातीची तीस पानं मात्र नावांचा गोंधळ होतो, वंशावळ शेवटी दिली आहे ती बघत वाच.’ या इशाऱ्यामुळे पुस्तक अर्धवट सुटत नाही. आणि महिन्याभराने एकदाच विचारा. ‘वाचलंस का?’ असं विचारलं तर तगादा वाटतो. ‘जमलं का तुझं त्या पुस्तकाशी?’ असं विचारा आणि ‘नाही’ हे उत्तर आनंदाने घ्या. ते का जमलं नाही हे ऐकलं की पुढची शिफारस बरीच अचूक होते.

लिहून झाल्यावर

कुणी सभ्यपणे असहमती दाखवली तर उत्तर द्या, पुस्तक हातात घेऊन. अपमान करणाऱ्याला उत्तर देऊ नका. लेखकाने स्वतः येऊन वाद घातला तर एकदा आभार माना आणि थांबा. तुम्ही वस्तुस्थितीत चुकला असाल तर दुरुस्ती करा आणि तारखेसह ‘दुरुस्ती’ असं लिहा, गुपचूप बदलू नका. काही वर्षांनी पुन्हा वाचून मत बदललं तर जुनं परीक्षण पुसू नका. त्याखाली नवं लिहा. माझं ते आठशे शब्दांचं परीक्षण अजून जागेवर आहे. खाली त्या अनोळखी वाचकाला उत्तरही आहे, चार वर्षं उशिरा दिलेलं: ‘हो, वाचा, पण प्रवासात नको.’

पहिलं परीक्षण कशाचं लिहावं

गाजलेल्या नव्या पुस्तकाने सुरुवात करू नका. तिथे हजारो मतं आधीच पडलेली असतात. तुमच्या कपाटात असं एखादं पुस्तक असेल जे तुम्ही दोनदा वाचलंय आणि ज्याची ऑनलाइन नोंद एक तर नाही किंवा तिच्याखाली एकही परीक्षण नाही. मराठीत अशी पुस्तकं शोधायला फार लांब जावं लागत नाही. आधी त्याची नोंद तपासा. नसेल आणि तिथे तशी सोय असेल तर तयार करा: शीर्षक देवनागरीत, लेखक, अनुवादक असल्यास त्याचं नाव, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, पृष्ठसंख्या. मुखपृष्ठाचा स्वच्छ फोटो घाला. मग तीनशे शब्द लिहा, आणि पहिल्या दोन वाक्यांत सांगा की हे पुस्तक कुणी वाचावं आणि कुणी वाचलं नाही तरी चालेल.